दीड मिलिमीटरचा बाक

जालन्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना तसा लहानच. आजूबाजूला सळईच्या मोठ्या मिली, त्यांच्या भट्ट्या, भंगाराचे ढीग, आणि मधल्या एका गल्लीत आमची तीन शेडं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, साखर कारखान्यांचे पत्र्याचे भाग, जिनिंगच्या मशिनींचे सांगाडे अशी कामं आम्ही करत आलो. मी रामराव उढाण, गाव घनसावंगीजवळ, कारखान्यात प्रॉडक्शन बघायचो. ही गोष्ट बेबीनंदा वाहुळ यांची आहे. पण मी जे केलं ते टाळून ती सांगता येत नाही, म्हणून नाव आधीच सांगून ठेवतो.

बेबीताई जाफराबादच्या. वडील धम्मपाल एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर निघाली की रजिस्टरवर सही त्यांची. लांबच्या गाडीवर सही केलेल्या दिवशी ते घरी येऊन जेवायचे, पण फारसं बोलायचे नाहीत. गाडी परत डेपोत लागली असं कळलं की मग पोरींची चौकशी करायचे. हे ताईंनीच मला एकदा सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. सही म्हणजे असंच असतं, अशी त्यांची समजूत.

डिप्लोमा करून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा कारखान्यात तपासणी असं खातंच नव्हतं. माल झाला की मी नजर टाकायचो आणि गाडी भरायची. ताईंनी एका कोपऱ्यात टेबल मागितलं, कुलपाचं कपाट मागितलं, आणि मोजायची अवजारं त्यात ठेवायला सुरुवात केली. माणसं हसली. दोन वर्षांनी तीच माणसं वेल्डिंग झाल्यावर स्वतःहून त्यांना हाक मारू लागली, कारण त्यांनी बघितलेला माल परत येत नव्हता. आमचे मालक अण्णासाहेब फारसं कुणाचं कौतुक करत नाहीत, पण बाहेरचा पाहुणा आला की त्याला आधी ताईंच्या टेबलापाशी न्यायचे. ताईंचे यजमान भारत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. मुलगी तृप्ती सहावीत होती.

गेल्या वर्षी पावसाळ्यात अण्णासाहेबांनी मुंबईच्या एका गोदीचं काम मिळवलं. युद्धनौकेच्या झडपा. जहाज धक्क्याला बांधायचे दोर ज्या खिडक्यांतून बाहेर काढतात, त्या खिडक्या समुद्रात गेल्यावर बंद करायच्या असतात; त्यावर बसणाऱ्या पोलादी झडपा. एकूण अठरा. प्रत्येक झडप दीड मीटर लांब, मीटरभर रुंद, शंभर किलोच्या आतबाहेर वजन. कागद आले तसे नियमही आले. फोन गेटवर ठेवायचा, ड्रॉइंग शेडच्या बाहेर न्यायचं नाही, आणि झडपेच्या तोंडाच्या सपाटीत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालायचा नाही.

हे दोन मिलिमीटर तातेरावांना पटेनात. तातेराव परतूरकडचे, साठीला आलेले. वेल्डिंगच्या आचेनं वाकडा झालेला पत्रा गॅसच्या ज्योतीनं सरळ करण्यात त्यांच्यासारखा हात आमच्या गल्लीत दुसरा नाही.

"ताई, ट्रॉलीला आपण बोटभर फरक चालवून घेतो," ते म्हणाले. "जहाजाला एवढं काय लागून राह्यलं?"

ताईंनी त्यांना शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभं केलं, हातात बॅटरी दिली आणि ती डोळ्याजवळ धरायला सांगितली. स्वतः दहा पावलांवर एक चकचकीत पत्रा तिरपा धरून उभ्या राहिल्या.

"मारा उजेड. काय दिसतं?"

"काहीच न्हाई. उजेड वर गेला, छताला."

मग त्यांनी दुसरा पत्रा पहिल्याला काटकोनात लावला. तातेरावांनी डोळ्यांवर हात घेतला.

"रडार असंच करतं, मामा," ताई म्हणाल्या. "लाट फेकतं आणि परत काय येतं त्याची वाट बघतं. म्हणून या जहाजाच्या भिंती उभ्या न्हाईत, कललेल्या असतात. बाहेर काटकोन ठेवत न्हाईत, उघडे कठडे न्हाईत, खिडक्या उघड्या न्हाईत. धूर थंड करून सोडतात. इंजिनाखाली रबराचे पाय लावतात, आवाज पाण्यात जाऊ नये म्हणून. जहाज एवढं दांडगं, पण रडारवर होडीएवढं दिसलं पाहिजे. सगळा खर्चा त्याच्यासाठी आहे."

"अन् आपली झडप?"

"बंद झाली की ती भिंत झाली पाहिजे. खोलगट राहिली की लाट भलतीकडं जाणार. कदाचित ज्यानं फेकली त्याच्याचकडं."

तातेरावांनी बॅटरी परत दिली. त्या दिवसापासून त्यांनी दोन मिलिमीटरबद्दल तक्रार केली नाही.

झडपेच्या पाठीवर आडव्या-उभ्या पट्ट्या वेल्ड करायच्या. त्या आकसल्या की तोंडाकडचा पत्रा मधूनमधून खोलगट व्हायचा. मग तातेराव पाठीमागून खडूनं गोल काढायचे, त्या गोलांवर ज्योत धरायचे, तापल्याचा लाल रंग उतरल्यावर ओलं फडकं लावायचे. तापलेली जागा आकसायची आणि पत्रा जागेवर यायचा. त्यानंतर ताई तोंडावर झडपेच्या लांबीची सरळपट्टी उभी ठेवायच्या आणि पट्टी नि पत्रा यांच्यातल्या फटीत मापाची पाती सरकवायच्या. दोनपेक्षा जाड पातं गेलं तर झडप पुन्हा तातेरावांकडे.

ती सरळपट्टी म्हणजे घासून तंतोतंत सरळ केलेली पोलादी पट्टी. ताईंच्या कपाटातली सगळ्यात मोलाची वस्तू. कपाटात मावायची नाही, म्हणून भिंतीवर लाकडी खुंट्यांवर टांगलेली असायची. दर सोमवारी सकाळी ताई ती स्वतः तपासायच्या.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी ताई बँकेच्या कामासाठी लवकर गेल्या होत्या. मी एक झडप चेनपुलीवर उचलून दुसऱ्या शेडकडे सरकवत होतो. मधेच साखळी अडकली. खाली ठेवायला घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, मोकळी नव्हती. दोन लाकडी ठोकळे होते, पण त्यांच्यामध्ये आधार हवा होता. मी इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीवरची पट्टी काढून ठोकळ्यांवर उभ्या कडेनं आडवी टाकली. झडप हळू टेकवायची होती. साखळी एकदम सुटली आणि झडप वीतभर अंतरावरून पट्टीवर आदळली.

मी झडप बाजूला घेतली, पट्टी उचलून उजेडात धरली. ओरखडा नव्हता. डोळ्यांना सरळ दिसत होती. फडक्यानं पुसली आणि खुंट्यांवर परत टांगली. सांगायला हवं होतं. मला वाटलं, सांगून उगाच बोलणी खायची.

सोमवारी सकाळी ताई पट्टी तपासायला निघाल्या तेव्हा मीच त्यांना थांबवलं. शुक्रवारी बारा झडपांची गाडी मुंबईला जायची होती आणि त्यातल्या आठ अजून बघायच्या होत्या. "ताई, ते उद्या करा, जल्दी या झडपा बघून द्या," असं म्हणालो. तेव्हा शनिवारचं मनात होतं की नव्हतं, हे मी नंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं. खरं उत्तर असं, की होतं.

आठही झडपा पास झाल्या. त्या घाईत पट्टीचं ते उद्या राहूनच गेलं. शुक्रवारी गाडी गेली.

पुढच्या सोमवारी कारखान्याला सुट्टी होती. मंगळवारी अकराच्या सुमाराला ताईंनी मला हाक मारली. उरलेल्या सहांपैकी पहिली झडप टेबलावर होती. तातेरावांनी ती फार सुरेख सरळ काढली होती. ताईंनी तोंडावर पट्टी ठेवली आणि एका टोकावर बोट टेकवलं. दुसरं टोक उचललं गेलं. दुसऱ्या टोकावर बोट ठेवलं, पहिलं उचललं गेलं. पट्टी डुलत होती.

"पत्र्याला पोट आलं असंल," मी म्हणालो.

ताईंनी टेबलावर पांढरा रंग फासला, पट्टी त्यावर आडवी ठेवली आणि कडेनं टोकदार सुईनं रेघ ओढली. मग पट्टी पालथी करून तीच कड दोन्ही टोकांना जुळवून रेघेच्या दुसऱ्या बाजूनं लावली, आणि पुन्हा रेघ ओढली. पट्टी सरळ असती तर दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या असत्या. टोकांना बसल्या. मधोमध दोघींत तीन मिलिमीटरची फट होती. फट दुप्पट दिसते. म्हणजे पट्टीला दीड मिलिमीटरचा बाक आला होता.

बाक आलेली पट्टी खोलगट पत्र्यावर ठेवली तर खोली कमी भासते. साडेतीनचा खड्डा दोनचा दिसतो आणि झडप पास होते. ताईंनी रजिस्टर उघडलं, गेल्या आठवड्यातल्या सोमवारचं पान काढलं. पट्टीच्या तपासणीच्या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं.

"सर, ही कुणी हलवली होती का?"

"माहीत न्हाई," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि रजिस्टर घेऊन अण्णासाहेबांच्या खोलीकडे गेल्या. मी मागून गेलो.

अण्णासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. एका वेल्डिंग मशीनवर सुरुवात केलेला तो माणूस. गोदीच्या यादीत नाव लागावं म्हणून चार वर्षं चकरा मारलेल्या.

"दीड मिलिमीटर," ते म्हणाले. "ताई, एवढं तर जहाज उन्हात फुगत असंल."

"फुगत असंल, सर. पण ते त्यांनी धरलेलं हाये. हे न्हाई धरलेलं."

"त्यांचा माणूस इथं येऊन बघून गेला. त्यानंच सही केली."

"आपल्याच पट्टीनं बघितलं त्यांनी. पट्टीवर भरवसा ठेवला, म्हणजे माझ्यावर ठेवला."

अण्णासाहेब खुर्चीतून उठले. "तुम्हाला कळून राह्यलं का, हे कळवलं तर काय होईल? पुढचं काम जाईल. या कामावर चाळीस माणसं लावलीत मी. त्यांच्या घरी कोण सांगणार, तुम्ही?"

"सांगीन," ताई म्हणाल्या. "आठ झडपा हायेत. एखादी चांगली असंल, सगळ्याही असतील. पण मला माहीत न्हाई. आणि मी सही करून ठेवलीय की मला माहीत हाये."

अण्णासाहेबांनी त्यांना आपल्या टेबलाकडे जायला सांगितलं. त्या गेल्यावर दार लावलं आणि मला म्हणाले, "रामराव, ती पट्टी भंगारात टाकून या. आजच. उद्या संभाजीनगरहून नवी आणा. पट्टीच न्हाई तर बाक कशाचा?"

जालन्यात लोखंड नाहीसं करणं सगळ्यात सोपं. सकाळी मिलीच्या वजनकाट्यावर टाकलेलं भंगार संध्याकाळी सळई होऊन गाडीत भरलेलं असतं. मी पट्टी पोत्यात गुंडाळली, मोटारसायकलला आडवी बांधली आणि पलीकडच्या गल्लीतल्या मिलीच्या गेटवर रांगेत उभा राहिलो. पुढे दोन टेम्पो होते. अण्णासाहेबांना वाटत होतं की ते कारखाना वाचवतायत. मी कशाला उभा होतो ते मला नीट माहीत होतं. पट्टी वितळली की शनिवारची दुपारही वितळणार होती.

पुढचा टेम्पो काट्यावर चढला तेव्हा खिशातला फोन वाजला. ताईंचा.

"सर, पट्टी भिंतीवर न्हाई. तुमच्याकडं हाये का?"

मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"गोदीला कळवलं मी," त्या म्हणाल्या. "अण्णासाहेबांना आत्ताच सांगून आले. ते काही बोलले न्हाईत. गोदीवाले म्हणले, पट्टी जशी हाये तशी घेऊन या. सर, बाक किती ते त्यांना स्वतः मोजायचं हाये, पट्टी न्हाई दिसली तर आपल्या एकाही मापावर भरवसा ठेवणार न्हाईत. सगळ्या आठ मोडीत काढतील ते."

मी गाडी रांगेतून बाहेर घेतली. वळवताना गेटच्या खांबाला आरसा घासला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच जीपनं आम्ही तिघं निघालो. ताई, तातेराव आणि मी. मागच्या सीटखाली पट्टी, तातेरावांच्या ज्योतीच्या नळ्या, मापाची पाती. अण्णासाहेब निरोपाला आले नाहीत. समृद्धी महामार्गावर जीप एका वेगानं पळत होती. सिन्नरच्या पुढे तातेराव म्हणाले, "ताई, एक इचारू? या एका जहाजाच्या पैशात आपल्या जिल्ह्यात किती काय झालं असतं. धरणं, दवाखाने. अन् ते जहाज कशासाठी, तर दिसू नये म्हणून. मला तर ह्याचा मेळ लागत न्हाई."

ताईंनी खिडकीची काच वर केली.

"मला पण लागत न्हाई, मामा. आमच्या घरात याच्यावरून भांडणं होतात. भारत म्हणतात, तुम्ही लढाईच्या कामाला हात लावून राह्यल्या. बाबासाहेबांना मानता, घरात बुद्धाचा फोटो लावता अन् तोफेचं जहाज बांधता. मी काय सांगू त्यांना? मला एवढंच माहीत हाये की त्याच्यावर अडीचशे माणसं चढणार. ती माणसं काही विकत आणलेली न्हाईत, कुणाची तरी लेकरं हायेत."

तातेरावांनी मान हलवली. पटलं म्हणून की विषय थांबवायला, ते कळलं नाही.

गोदीत पोचलो तेव्हा दोन वाजले होते. फोन जमा झाले, डोक्यावर टोप्या आल्या. आणि मग ते जहाज दिसलं. मी फोटोत जहाजं बघितली होती, त्यांच्यावर शिड्या, नळ्या, कठडे, खिडक्या असतात. याच्या अंगावर काहीच नव्हतं. एक मोठी राखाडी भिंत आत कललेली, तिच्यात घडी घातल्यासारख्या कडा. कुठे नजर अडकायला जागा नव्हती. संशयातल्या आठांपैकी दोन झडपा तोवर जहाजावर बसवल्या होत्या. पुढच्या बाजूला, पाण्यापासून बऱ्याच उंचावर. बाकीच्या सहा खाली शेडमध्ये होत्या.

तपासणी अधिकारी केरळचे, पन्नाशीचे, हिंदीत बोलणारे. ते रागावले नाहीत, त्यानं जास्त भीती वाटली. त्यांनी आधी आमची पट्टी मोजून घेतली, तिचा बाक कागदावर उतरवला. मग त्यांच्या पट्टीनं शेडमधल्या सहा झडपा एकेक करून बघितल्या. ताई बाजूला उभ्या राहून आकडे लिहीत होत्या. पहिली चांगली निघाली. दुसरी साडेतीनला गेली. तिसरी चांगली. चौथी तीनला. पाचवी साडेतीनला. सहावी चांगली. प्रत्येक आकडा लिहिताना ताईंचं पेन कागदात रुतत होतं. मग शिडी लावून जहाजावरच्या दोन बघितल्या. दोन्ही खराब.

आठांपैकी पाच. अधिकाऱ्यांनी आम्हाला खोलीत बसवलं.

"एका झडपेनं जहाज उघडं पडत नाही, मला खोटं सांगायचं नाहीये," ते म्हणाले. "पण या जहाजाला पाचशेहून जास्त ठिकाणाहून माल येतो. प्रत्येकाचं म्हणणं असतं, आमचं तर एवढंसंच आहे. ते सगळं एवढंसं मी एकत्र करून समुद्रात पाठवतो. तुम्ही फोन केला नसता तर ही पाच मला कधीच कळली नसती. आता सांगा, पट्टी वाकली कशी?"

"माहीत नाही," ताई म्हणाल्या. "पण सोमवारी ती तपासायची जबाबदारी माझी होती. मी तपासली नाही."

ताईंच्या समोर जबाबाचा कागद होता. त्यातल्या 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहायला सुरुवातही केली होती. मला उलटं वाचता येत होतं. पहिल्याच ओळीत त्यांचं पूर्ण नाव होतं, आणि त्याच्यापुढे त्या तपासनीस हा शब्द लिहीत होत्या.

"साहेब, पट्टी मी वाकवली," मी म्हणालो.

मी शनिवारचं सांगितलं, साखळीचं, पुसून परत टांगल्याचं. सोमवारी ताईंना मीच थांबवलं तेही सांगितलं. मिलीच्या रांगेचं सांगताना अण्णासाहेबांचं नाव घेतलं नाही. मी म्हणालो, मी पट्टी टाकायला नेली होती. तेवढं खोटं अजून माझ्या खात्यावर आहे. तातेराव माझ्याकडे असे बघत होते जसा मी कुणी परका माणूस आहे. ताईंनी पेन खाली ठेवलं. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी तुम्हाला इचारलं होतं, सर," त्या एवढंच म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी दोघांचे जबाब लिहून घेतले. पाचही झडपा खाली उतरवून गोदीतच सरळ करायची परवानगी दिली, दोन दिवसांची मुदत. पोलाद खास जातीचं, त्यामुळे ताव ठरलेल्या उष्णतेच्या वर गेला तर पत्रा कायमचा बाद. एक माणूस उष्णता मोजायचं यंत्र घेऊन तातेरावांच्या खांद्याशी उभा राहिला.

तातेरावांनी आयुष्यभर ताव डोळ्यानं ओळखला होता. यंत्रवाला कानाशी आकडे पुटपुटायला लागला तसे ते बिचकले. पहिली झडप सरळ निघाली. दुसरी निघाली. तिसऱ्या झडपेवर त्यांचा हात एका गोलावर क्षणभर जास्त थांबला आणि यंत्रवाला ओरडला. ज्योत बाजूला झाली तोवर आकडा पुढे गेला होता. अधिकारी आले, बघितलं, आणि त्या झडपेवर लाल रंगानं फुली मारली.

तातेराव भिंतीला टेकून बसले. "चाळीस वर्षं झाली ताई, असं कधी झालं न्हाई. आता ह्या दोन मी न्हाई करणार."

ताई त्यांच्याशेजारी खाली बसल्या. "मामा, तुम्ही यंत्रवाल्याचं ऐकू नका. आकडा मी बघते. तुम्ही तुमच्या डोळ्यानं करा. मी फक्त थांबा म्हणन. दुसरं कायबी बोलणार न्हाई."

उरलेल्या दोन झडपांना दुसरा सगळा दिवस लागला. ताई तातेरावांच्या डाव्या हाताला गुडघ्यावर बसून होत्या, यंत्र हातात, नजर आकड्यावर. मी ओली फडकी देत होतो. त्या दिवसात त्यांनी "थांबा" अकरा वेळा म्हटलं. तातेराव प्रत्येक वेळी थांबले. संध्याकाळी पाचच्या आत दोन्ही झडपा सव्वा मिलिमीटरच्या आत आल्या. ताई उठायला गेल्या तर गुडघे सरळ होईनात. आम्ही दोघांनी त्यांना धरून उभं केलं.

बाद झालेली झडप आम्ही जालन्यात नवी करून दिली. अठराच्या अठरा पुऱ्या झाल्या. गोदीनं ताईंच्या कळवण्याची लेखी नोंद घेतली, चांगल्या शब्दांत. पण नियमाप्रमाणे आमचा कारखाना वर्षभरासाठी यादीतून काढला आणि पुढचं काम दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. दिवाळीनंतर अण्णासाहेबांनी चौदा माणसं कमी केली. मला प्रॉडक्शनवरून काढून मालाच्या आवक-जावकीवर बसवलं. मी तक्रार केली नाही. कामावरून गेलेल्या चौदांत माझं नाव का नव्हतं, हे मात्र मला कुणी समजावलं नाही. गोदीत मी त्यांचं नाव घेतलं नाही हे अण्णासाहेबांना कळलं होतं. कारण तेच असावं.

गेलेल्यांपैकी कारभारी नावाच्या वेल्डरची बायको शालू एका रविवारी ताईंच्या घरी गेली. दारातच उभी राहून बोलली. तुमच्या खरेपणापायी आमच्या घरात काम न्हाई, तुम्ही मात्र खुर्चीवर बराबर बसून हायेत. गल्ली ऐकत होती. तृप्ती आत घाबरून उभी होती. ताईंनी शालूला घरात बोलावलं, ती आली नाही. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. अण्णासाहेबांना त्यांनी "सांगीन" म्हटलं होतं, त्याप्रमाणे त्या पुढचे तीन आठवडे सुट्टीच्या दिवशी त्या चौदा जणांच्या घरी गेल्या. काय झालं, कसं झालं ते सांगितलं. कुठे चहा मिळाला, कुठे दार लावून घेतलं. माझं नाव त्यांनी कुठेच घेतलं नाही, म्हणून मग मलाही त्यांच्या मागून त्याच घरांत जाऊन ते सांगावं लागलं. वेगवेगळ्या मिलींत खटपट करून ताईंनी सहा जणांना काम लावलं. कारभारी त्या सहांत नव्हता. तो पुण्याला गेला.

अण्णासाहेब ताईंशी दोन महिने कामापुरतंसुद्धा बोलत नव्हते, चिठ्ठ्या पाठवायचे. जानेवारीत नवी सरळपट्टी आली तेव्हा स्वतः घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "किल्लीचं कपाट करून घ्या हिला. माप देऊन ठेवा." त्यापलीकडे काही नाही.

फेब्रुवारीत माझ्या आईचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात ते जहाज पहिल्यांदा चाचणीसाठी समुद्रात गेलं. गोदीच्या अधिकाऱ्यांनी ताईंना कळवलं होतं, ताईंनी मला. त्या दिवशी त्या कामावर आल्या, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. तातेरावांनी विचारलं तर म्हणाल्या, भूक न्हाई. दुपारभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला, जहाज परत धक्क्याला लागलं. ताईंनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "सर, तुमच्या आईच्या मोतिबिंदूचं काय झालं? बऱ्या हायेत का आता?"